सर्व हक्क स्वाधीन, पण कुणाच्या?

आमच्या वाचनालयात कपाटांवर पूर्वी फक्त विषयांच्या चिठ्ठ्या होत्या: कादंबरी, नाटक, चरित्र, धार्मिक. आता त्यांच्याखाली वर्षांच्याही आहेत. २०३०, २०३७, २०४४, २०६१. नवा सभासद आला की विचारतो, ही काय भानगड? तर त्या वर्षीच्या १ जानेवारीला ती पुस्तकं कुणालाही छापायला, इंटरनेटवर टाकायला मोकळी होणार. तोवर वाचा, घरी न्या, वेळेत परत करा. त्यापलीकडे काही करायचं तर कुणाला तरी विचारायला हवं. हे ‘कुणाला तरी’ शोधणं काय असतं, ते सांगायला बसलोय.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, खानापूरच्या अंगाला. पाऊस मुबलक, इमारत कौलारू, पुस्तकांना कसर लागलेली. काही पुस्तकांची पानं उलटताना पापडासारखी मोडतात. गावची पोरं पुण्याला, गोव्याला, बेंगळूरला. तेव्हा जुनी पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर टाकू, कुठूनही वाचता येतील, असं कार्यकारिणीत ठरत आलं होतं. हायस्कूलच्या कॉम्प्युटर सरांनी मोबाइल अडकवायला लाकडी स्टँड सुताराकडून करून आणला होता. ठराव लिहायच्या वेळी आमच्यातला झेरॉक्सवाला म्हणाला, “खरं कॉपीराइटचं काय? उद्या नोटीस आली तर चिटणीस म्हणून तुझंच नाव येणार बघ.”

चिटणीस मी.

त्याला हे सुचलं याला कारण होतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. दुकानदार प्राध्यापकांनी नेमून दिलेली पानं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकायचा. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रकाशकांचं म्हणणं मानलं नाही. शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रतींना कायद्यातच सूट आहे, असं धरलं. आमच्या मित्रानं ते प्रकरण धंद्याच्या काळजीनं पहिल्यापासून वाचलं होतं. पण ती सूट शिक्षक-विद्यार्थ्यांची. आम्ही पडलो गावचं वाचनालय.

बेळगाव कोर्टात जमिनीचे दावे चालवणारे गावचेच एक वकील आहेत. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला आणि म्हणाले, “उताऱ्याशिवायची मालमत्ता पहिल्यांदाच बघतोय.” मुख्य नियम सोपा. लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं हक्क वारसांचा, किंवा ज्याला लिहून दिला असेल त्याचा. मग पुस्तक सगळ्यांचं. नोंदणी केली असो वा नसो, हक्क लिहिल्याबरोबर लागू होतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क त्यांनीच काढलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते, आणि १९९१ अखेर ते संपायला आल्यावर सरकारनं मुदत दहा वर्षांनी वाढवली. वाढ मिळाली ती देशातल्या सगळ्याच लेखकांना. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबानं त्यांचं लेखन २००१ साली खुलं झालं असतं, ते २०११ साली झालं. गेलेल्या माणसाला दहा वर्षं वाढवून दिली म्हणून तो आणखी एक ओळ लिहीत नाही. मला ती दुरुस्ती तेव्हापासून पटलेली नाही.

मग गठ्ठे करायला घेतले. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे २०१७ पासून मोकळे. मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे २०२५ पासून. वरेरकरांच्या गठ्ठ्यावर वकीलसाहेब जरा अडले, कारण त्यात शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद होते. शरच्चंद्र १९३८ साली गेले, मूळ बंगाली केव्हाच खुलं झालेलं. पण मराठी शब्द वरेरकरांचे, म्हणून मुदत त्यांच्या मृत्यूपासून मोजायची. अत्रे १९६९, म्हणून २०३०. खांडेकर १९७६, म्हणून २०३७. इंदिरा संत आमच्या बेळगावच्या, २००० साली गेल्या, म्हणून २०६१. या गठ्ठ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पुस्तक दुकानात मिळत असेल तर विकत घ्यावं. मिळणारं पुस्तक फुकट वाटणं याला मी समाजसेवा म्हणत नाही.

मोकळ्या गठ्ठ्यातही फसवणारे खडे निघाले. एका लेखकाचं लेखन खुलं झालेलं, पण मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं. दलाल १९७१ साली गेले. चित्राचा हक्क प्रकाशकाचा की चित्रकाराचा हा वाद वेगळा. मुदत मोजायची ती चित्रकाराच्या मृत्यूपासून. म्हणजे आतली दोनशे पानं टाकता येतात, वरचं चित्र २०३२ पर्यंत नाही. सरांनी त्या पुस्तकाला साधा पांढरा कागद लावून वर नाव टाइप केलं. दलालांची ती बाई, डोक्यावर घागर, लालभडक पदर, अजून आमच्या कपाटातच उभी आहे.

वाचनालयांसाठी कलम ५२ मध्ये सवलती आहेत, त्या वाचून आधी हुरूप आला. नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती कॉम्प्युटरवर साठवून ठेवता येते. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीतली. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. म्हणजे कसर लागलेलं प्रत्येक पुस्तक आम्ही निर्धास्त स्कॅन करू शकतो. पण ठेवायचं इथंच. पुण्याच्या पोराला ते मोबाइलवर दिसायचं नाही. पुस्तक वाचवायची मुभा आहे, पोचवायची नाही. तरी निम्मं काम झालं, म्हणून स्कॅनिंग त्याच आठवड्यात सुरू केलं.

खरं घोडं अडलं ते आमच्याच मुलखातल्या लेखकांपाशी. खानापूर, निपाणी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातल्या शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, तालमीतल्या शाहिरांनी स्वतःच्या पैशांनी छापलेली पुस्तकं. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १९५० पर्यंतची पुस्तकं बघता येतात; त्यात आमची काही सापडली, बाकीची नंतरची. आतल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असं ठसठशीत छापलेलं. कुणाच्या स्वाधीन? लेखक केव्हा वारला हे विश्वकोशात नाही, शाळेच्या दप्तरात त्याची निवृत्ती आहे, मरण नाही. आणि कायद्याचं सगळं गणित मरणाच्या सालावर. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद बघायला गेलो तर तिथल्या बाबूनं विचारलं, “जमिनीचं काय प्रकरण?” पुस्तकाचं, म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं.

यातला एक लेखक सांगतो. नाव घेत नाही, आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. खानापूर तालुक्यातले प्राथमिक शिक्षक. गाणी रचायचे. त्यांचा संग्रह १९६१ साली बेळगावच्या एका छापखान्यात निघाला, स्वखर्चानं. छापखाना बंद होऊन जमाना झाला, खिळे भंगारात गेले. मास्तर १९८३ साली वारले, म्हणजे संग्रह २०४४ साली मोकळा. चिठ्ठी लावली आणि पुढं सरकणार, तेवढ्यात त्याच कपाटाच्या तळाशी एक चौपानी सापडली. सीमाप्रश्नावरची चार गाणी, वर १९५६ साल, ना कवीचं नाव ना छापखान्याचं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. असल्या कागदावर कोण नाव घालणार? गावातल्या एका म्हाताऱ्या सत्याग्रहींनी चौपानी हातात घेतली आणि पहिलं कडवं न बघता म्हटलं. “मास्तरांचं की हे. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून लिवलेलं. नाव घालायचं न्हाई म्हणून सगळ्यांनी ठरवलेलं.”

वकीलसाहेबांना या चौपानीनं फार आनंद दिला. निनावी लेखनाची मुदत छापल्यापासून साठ वर्षं. म्हणजे २०१६ अखेर संपली. मधल्या काळात लेखकाची ओळख रीतसर जाहीर झाली असती तर हिशेब त्याच्या मृत्यूवर गेला असता. पण मास्तर गप्प राहिले, आणि म्हाताऱ्यांनी आज ओसरीवर सांगणं म्हणजे कायद्यातलं जाहीर करणं नव्हे; शिवाय मुदत आधीच उलटलेली. पोलिसांच्या भीतीनं नाव लपवलेली गाणी २०१७ पासून सगळ्यांची झाली, आणि अभिमानानं नाव घालून छापलेली २०४४ पर्यंत बंद. चौपानी त्याच संध्याकाळी वेबसाइटवर चढली.

संग्रहासाठी मात्र वारस गाठणं आलं. मास्तरांची थोरली मुलगी, जिला सगळे आक्का म्हणतात, निपाणीला असते. वय ऐंशीच्या पुढं. ट्रंकेतून तिनं वडिलांची वही काढली: जांभळी शाई, ओळींवर काट मारून वर बारीक अक्षरात दुसरा शब्द, कडेला ‘चाल: पोवाड्याची’ असं लिहिलेलं. चौपानीतली चारही गाणी त्यात होती, आणि कधीच न छापलेली कितीतरी. वकिलांनी मग तिसरा हिशेब सांगितला. लेखक जिवंत असताना जे प्रसिद्ध झालं नाही, त्याची मुदत पहिल्यांदा प्रसिद्ध होईल तेव्हापासून साठ वर्षं. माणूस एक, हात एक, शाई एक. चौपानी मोकळी, संग्रह २०४४, आणि वहीचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.

आक्कांना पैशांत रस नव्हता. आमच्या कार्यकारिणीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी संग्रहातली भाषा थोडी शुद्ध करून घेऊ, असं सुचवलं होतं. मी ते आक्कांना विचारलं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “बाबांनी ‘न्हाई’ लिवलंय तिथं तू ‘नाही’ करणार? मग बाबांचं नाव कशाला घालतोस? तुझंच घाल की.” यालाही कायद्यात जागा आहे. कलम ५७ प्रमाणे लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड वारसांनाही अडवता येते, आणि हा हक्क विकल्यानंतरही उरतो. मुख्याध्यापकांना मी कलम सांगितलं नाही, आक्कांचं वाक्य सांगितलं. तेवढं पुरलं.

पण आक्का एकट्या वारस नव्हत्या. दोघे भाऊ वारलेले, त्यांची मुलं एक पुण्याला, दोघं गोव्यात. सगळे सहमालक, म्हणजे सगळ्यांची संमती हवी. आणि या घरात मास्तरांच्या राहत्या घराचा वाद चालू! आम्ही हौसेनं ई-स्टँप पेपरवर ‘ना हरकत पत्र’ करून नेलं होतं. स्टँप पेपर बघताच गोव्यातल्या धाकट्याचा चेहरा बदलला. “आजोबांच्या सगळ्या हक्कांना ना हरकत म्हणजे काय म्हणे?” त्यानं मोबाइलवर फोटो काढून आपल्या वकिलाला पाठवला. कुणी म्हणालं, नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, वंशावळीचा दाखला आणा. तो आणला, कन्नडमध्ये; त्याचं मराठी पुण्याच्या नातवाला फोनवर वाचून दाखवलं. दाखल्यावर कुणाचं नाव आधी आलं यावरून पुन्हा रुसवे. गाण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सुटका केली ती पुन्हा आमच्या वकिलांनीच. परवाना लेखी हवा, एवढंच कायदा म्हणतो; स्टँप पेपरवरच हवा असं त्यात कुठं नाही. मग साध्या कागदावर पाच-सहा ओळी लिहिल्या. पुस्तकाचं नाव, साल, फक्त वाचनालयाच्या वेबसाइटवर विनामूल्य वाचायला, छापून विकायला नाही, मजकुरात बदल नाही, हक्क वारसांकडेच. आणि शेवटी ठळक: ‘या पत्राचा घर-जमिनीशी काही संबंध नाही.’ त्या ओळीखाली गोव्याच्या दोघांनी लगेच सह्या केल्या.

जिथं आक्कासुद्धा नाहीत तिथं काय? कायद्यात त्यालाही वाट ठेवलीय, कलम ३१ अ. लेखक वारलेला किंवा अज्ञात, हक्कदार सापडत नाही, अशा वेळी अर्ज करून परवाना मिळवता येतो, रॉयल्टी ठरवून ती जमा करायची. हा अर्ज पूर्वी कॉपीराइट बोर्डाकडे जायचा, मग बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे. २०२१ साली ते मंडळ रद्द झाल्यापासून काम न्यायालयांकडे आलं. पण अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. अथणीच्या एका कीर्तनकाराचे वारस शोधायला दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पेपरात जाहिरात! वारस असलेच तर ते सकाळी बेळगावचा मराठी पेपर उघडणार. जाहिरातीच्या खर्चात आम्ही ते पुस्तक छापून घरोघर वाटलं असतं. कलम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातला मोठा प्रकाशक असावा, हे उघड दिसतं. लेखकाचा हक्क राखायला माझी ना नाही, पण मागणाराच नसलेला हक्क राखण्यासाठी पुस्तक कुजू द्यायचं, यात लेखकाचंही काही भलं होत नाही. आम्ही बेळगावच्या मराठी दैनिकात छोटी जाहिरात दिली, कायद्याला ती चालत नाही हे ठाऊक असून. दोन घरं त्यातून सापडली. बाकीचे गठ्ठे ‘वारस नाही’ म्हणून बांधून ठेवलेत. स्कॅन कॉम्प्युटरवर आहे, बाहेर नाही.

याच काळात दुसरी बाजूही दारात आली. बेळगावचे एक कथालेखक, हयात, कडोली-येळ्ळूर-उचगावच्या साहित्य संमेलनांत पिशवीतून स्वतःची पुस्तकं विकतात. त्यांच्या नव्या संग्रहाची पीडीएफ कुणीतरी पानं मोबाइलवर टिपून व्हॉट्सॲपवर सोडली होती. ती फिरत फिरत आमच्याच सभासदांच्या ग्रुपवर आली, खाली पन्नास अंगठे आणि ‘सर, अप्रतिम’. त्यांनी मला फोन केला. “तुमच्या वाचनालयानं पुस्तक स्कॅन करायला घेतलीत म्हणे, लोकांना आता वाटायलंय सगळंच फुकट असतंय.” मी ग्रुपवरून पीडीएफ काढून टाकली आणि जरा कडक शब्दांत लिहिलं. एकानं उलट विचारलं, मग मास्तरांचं पुस्तक फुकट चालतं ते कसं? त्याला सांगितलं, मास्तरांच्या घरच्यांना विचारलंय, यांना विचारलंस का तू? तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. वाचनालयानं त्या संग्रहाच्या पाच प्रती विकत घेतल्या. संमेलनात येताना त्यांची पिशवी अजून जडच असते.

एक काम मात्र कुणाला न विचारता झालं. गावात एक दृष्टिहीन पदवीधर मुलगी आहे. तिला खांडेकर ऐकायचे होते. २०३७ ची चिठ्ठी असलेलं कपाट. पण अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक ना नफा तत्त्वावर करून द्यायला कायद्यात २०१२ पासून सूट आहे. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली. हायस्कूलच्या दोन मुलींनी रोज शाळा सुटल्यावर एकेक प्रकरण रेकॉर्ड केलं. एकीला ‘ळ’ नीट येत नाही, मागं कुठंतरी यळकोट चाललेला ऐकू येतो. ती मुलगी आता पुढच्या पुस्तकाची यादी घेऊन येते, आणि तिच्या बाबतीत मला एकाही सालाचा हिशेब करावा लागत नाही.

मास्तरांच्या संग्रहाला अजून पुण्याच्या नातवाची सही यायची आहे. परवा फोन आला होता. त्याला वहीतली न छापलेली गाणी स्वतः पुस्तक म्हणून काढायची आहेत, रीतसर किंमत लावून. मी म्हटलं, काढा की, हक्क तुमचाच आहे, आमच्या दहा प्रती धरा. फक्त आक्कांना आधी दाखवा. संग्रह तोवर वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून वाचता येतो. संध्याकाळी साडेपाच ते आठ, सोमवारी बंद.